लक्ष्याची रुंदी कोण ठरवितो?
(वेग व अचूकता यांच्या सिद्धांताचे एक परीक्षण)

मानवी हालचालींतील वेग आणि अचूकता यांच्या परस्परसंबंधाविषयी गेल्या सव्वाशे वर्षांत जे लेखन झाले, त्यात पॉल फिट्स यांच्या १९५४ सालच्या निबंधाइतका मान क्वचितच दुसऱ्या एखाद्या निबंधाला मिळाला असेल. मानसशास्त्रात 'नियम' ही पदवी फार थोड्या विधानांच्या वाट्याला येते. फिट्सच्या समीकरणाला ती मिळाली आणि टिकलीही. विमानाच्या चालककक्षापासून हातातील दूरध्वनीच्या पडद्यापर्यंत जेथे जेथे बोटाने काही नेमके गाठावयाचे असते, तेथे तेथे हे समीकरण वापरले जाते. अशा सिद्धांताचे परीक्षण करताना त्याची आकडेमोड चुकीची ठरविण्याचा खटाटोप करण्यात अर्थ नाही. ती पुष्कळांनी तपासली आहे आणि ती बरोबर आहे. प्रश्न निराळा आहे. ज्या दोन शब्दांच्या आधारावर हा सिद्धांत उभा आहे, त्या 'लक्ष्य' आणि 'चूक' या शब्दांचा अर्थ प्रयोगशाळेबाहेर तोच राहतो काय? प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र भाषाविज्ञान असल्यामुळे त्याला शब्दांच्या बाजूनेच या विषयात प्रवेश करता येतो, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

प्रथम मूळ प्रयोग. फिट्सने सोळा महाविद्यालयीन तरुणांपुढे धातूच्या दोन पट्ट्या ठेवल्या आणि हातातील धातूच्या लेखणीने त्यांवर आळीपाळीने टोले मारावयास सांगितले. पट्ट्यांमधील अंतर २ इंचांपासून १६ इंचांपर्यंत, आणि पट्टीची रुंदी २ इंचांपासून पाव इंचापर्यंत बदलण्यात आली. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही बाजूंस आणखी पट्ट्या होत्या. लेखणी त्यांवर पडली म्हणजे चूक नोंदली जाई. वेगापेक्षा अचूकतेला महत्त्व द्यावे अशी स्पष्ट सूचना होती. अंतराच्या दुपटीला रुंदीने भागावे आणि येणाऱ्या संख्येचे २ हा पाया धरून लॉगरिदम काढावे, म्हणजे त्या कामाचा 'काठिण्यांक' मिळतो. हालचालीस लागणारा वेळ या काठिण्यांकाच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढतो, असे फिट्सने दाखविले. सर्वांत सोप्या कामाला हलक्या लेखणीने सुमारे ०.१८ सेकंद लागले, सर्वांत कठीण कामाला सुमारे ०.७३ सेकंद. काठिण्यांक एकाने वाढला की वेळ स्थूलमानाने एक दशांश सेकंदाने वाढतो. दुसऱ्या शब्दांत, पट्टी निम्मी अरुंद केली की प्रत्येक टोल्यामागे एवढा कर द्यावा लागतो. ही कल्पना शॅननच्या १९४८ सालच्या संदेशवहनाच्या गणितावरून घेतलेली आहे. हात ही एक वाहिनी, तिची क्षमता ठराविक, आणि अचूकता हा तिच्यातून जाणारा माल, असे तिचे रूप.

फिट्सपूर्वी १८९९ साली वुडवर्थने हाच प्रश्न अधिक साध्या साधनांनी हाताळला होता. फिरत्या कागदावर, तालयंत्राच्या ठोक्याबरोबर, दिलेल्या लांबीच्या रेघा ओढावयास त्याने सांगितले. एकदा डोळे उघडे ठेवून, एकदा मिटून. ठोका संथ असता उघड्या डोळ्यांचा फायदा मोठा होता. मिनिटाला १४० च्या आसपास गेल्यावर तो जवळजवळ नाहीसा झाला. यावरून त्याने असे अनुमान काढले की हालचालीचे दोन भाग असतात. पहिला झेपेचा, दुसरा दुरुस्तीचा. घाई केली की दुसऱ्या भागाला अवसर उरत नाही. माझ्या मते वुडवर्थची ही मांडणी फिट्सच्या समीकरणापेक्षा कमी डौलदार असली, तरी अधिक सांगणारी आहे. घाईत नेमके काय गमावते ते ती सांगते: गमावते ती दुरुस्तीची संधी.

आता शब्दांकडे वळू. मराठीत 'अचूक' हा शब्द नकारात्मक आहे. जे चुकत नाही ते अचूक. 'चुकणे' या धातूचे मूळ प्राकृतातील 'चुक्क' होय. हेमचंद्राने 'भ्रंश' या संस्कृत धातूच्या जागी येणारे जे प्राकृत धातू दिले आहेत, त्यात 'चुक्क' आणि 'भुल्ल' हे शेजारी शेजारी आढळतात. भ्रंश म्हणजे स्थानावरून ढळणे. आजही आपण नेम चुकतो, वाट चुकते, गाडी चुकते असे म्हणतो. म्हणजे 'चूक' या शब्दाच्या पोटात आधीपासूनच एक लक्ष्य बसलेले आहे. स्थान ठरलेले नसेल तर ढळणे नाही, आणि ढळणे नसेल तर चूकही नाही. ('उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग' या म्हणीतील नवऱ्याचीही गोष्ट हीच. बाशिंग कपाळी बांधावयाचे हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून हसू येते.) फिट्सच्या प्रयोगात हे स्थान धातूच्या पट्टीने ठरविले होते. ती डोळ्यांना दिसत होती, तिची रुंदी प्रयोग संपेपर्यंत बदलत नव्हती, आणि लेखणी कोठे पडली याविषयी वाद संभवत नव्हता; विजेचा प्रवाह तो निर्णय देत होता.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत यंत्रमागांवर चादरी आणि टॉवेल विणले जातात. त्याच रस्त्याने पुढे कुंभारीच्या माळावर विडी कामगार स्त्रियांची १०,००० घरांची वसाहत आहे. २००६ साली ती घरे त्यांच्या हाती आली, आणि वसाहतीला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे. या दोन्ही ठिकाणी हात काम करतात, आणि दोन्ही ठिकाणी मजुरी मुख्यतः नगावर, मालाच्या मापावर मोजली जाते. वेग व अचूकता यांचा प्रश्न तेथे प्रयोगाचा नसून रोजच्या हिशेबाचा आहे. त्यातील विडीचे उदाहरण मी विस्ताराने घेतो, कारण माग काही अंशी स्वतःच वेग ठरवितो. विडी मात्र नखापासून मनगटापर्यंत हाताचीच असते.

भिजविलेले टेंभुर्णीचे पान पत्र्याच्या साच्यावर धरून कात्रीने कापावयाचे, त्यावर तंबाखू पसरावयाची, पान वळावयाचे, तोंड दुमडून बंद करावयाचे, दोरा गुंडाळून बांधावयाचा. मोजमाप हजारांत होते आणि मजुरीही हजारावर मिळते. तयार माल देण्याच्या जागी चेकर तो पाहतो. जी विडी लांबीला, जाडीला, घट्टपणाला किंवा बांधणीला उतरत नाही ती 'छाट' होते. आठ तासांत १,००० विड्या वळावयाच्या तर एका विडीला २८.८ सेकंद मिळतात. समजा, शंभरात ५ छाट झाल्या. मग हजार पदरात पडण्यासाठी १,०५३ वळाव्या लागतील, म्हणजे सुमारे २५ मिनिटे अधिक. हात थोडा सावकाश चालवून छाट शंभरात १ वर आणता आली, तर तिने किती सावकाश व्हावे? हिशेब सोपा आहे: एका विडीस ३० सेकंद. त्याहून सावकाश झाली तर सावधपणाच महाग पडतो. म्हणजे तिच्या हातात असलेली सवड एका विडीमागे अवघी १.२ सेकंदांची आहे. वेग आणि अचूकता यांतील 'निवड' म्हणून ग्रंथांत जे वर्णिले जाते, ते प्रत्यक्षात एवढ्या फटीत मावते.

आता या हिशेबात फिट्सचा नियम घालून पाहू. चेकरने आज हात आखडता घेतला, काल जी चालली ती विडी आज चालेना, तर लक्ष्याची रुंदी निम्मी झाली असे समजावे. एका विडीत डझनभर नेमक्या हालचाली धरल्या आणि प्रत्येकीस एक दशांश सेकंद अधिक लागला, तर १.२ सेकंद होतात. सारी सवड तेथेच संपली. विड्या वळणारा हात लेखणीचे टोले मारणाऱ्या हातासारखा नसतो, तेव्हा या आकड्याला उदाहरणापलीकडे महत्त्व देऊ नये. पण दिशा स्पष्ट आहे. लक्ष्य अरुंद करण्याचा खर्च लक्ष्य अरुंद करणाऱ्याला पडत नाही; हालचाल करणाऱ्याला पडतो.

याहून बिकट स्थिती लक्ष्याची रुंदी माहीतच नसण्याची आहे. प्रयोगातील पट्टी दिसते. चेकरच्या मनातील पट्टी दिसत नाही. ती दोन चेकरांची दोन प्रकारची असू शकते, आणि माल तुटवड्याचा की उठावाचा यावरही हलू शकते. अशा वेळी सुज्ञ हात काय करील? तो संभाव्य रुंद्यांतील सर्वांत अरुंद धरून चालेल, म्हणजे बहुतेक दिवशी गरजेपेक्षा अधिक सावकाश होईल. नाही तर तो वेग राखील आणि छाट सोसील. दोहोंतही जे गमावते ते हाताच्या क्षमतेमुळे नव्हे. या क्षेत्रातील एक जुनी तक्रार अशी की छाट ठरलेली विडी नष्ट होत नाही, ती ठेवून घेतली जाते आणि पुढे खपतेही. तसे घडते तेथे 'चूक' या शब्दाचा मूळ अर्थच उरत नाही. ढळलेली वस्तू स्थानावर जाऊन बसली, तर ती ढळली असे कसे म्हणावे? १९६६ सालच्या विडी व सिगार कामगार कायद्याने विडी नाकारण्यावरून आणि नाकारलेल्या विडीच्या मजुरीवरून होणाऱ्या तंट्यांचा स्वतंत्र उल्लेख करून ते संक्षिप्त पद्धतीने मिटविण्याची तरतूद केली होती, ती उगाच नव्हे. कायदा करणाऱ्यांना जे दिसले ते मानसशास्त्राच्या ग्रंथांत क्वचितच दिसते.

येथे फिट्सच्या अनुयायांनी केलेल्या एका दुरुस्तीचा विचार आवश्यक आहे, कारण माझा मुख्य आक्षेप तिच्यावर आहे. प्रयोगात भाग घेणारे लोक दिलेल्या पट्टीचा पुरेपूर उपयोग करतातच असे नाही. पट्टी रुंद असली तर ते तिच्या मध्यातच टोले मारतात. अरुंद असली तर बाहेर सांडतात. म्हणून क्रॉसमन आणि वेलफर्ड यांच्या विवेचनापासून अशी प्रथा पडली की दिलेली रुंदी सोडून द्यावी आणि टोले प्रत्यक्ष किती पसरले त्यावरून रुंदी काढावी. प्रमाण विचलनाला ४.१३३ ने गुणले की ही 'परिणामी रुंदी' येते. तिच्याबाहेर सुमारे ४ टक्के टोले पडतात. या युक्तीने बिंदू रेषेवर अधिक नीट बसतात यात शंका नाही. पण काय घडले ते पाहा. लक्ष्य आता बाहेर राहिले नाही. हात जेथे गेला तेच लक्ष्य ठरले. प्रत्येकाच्या चुका त्याच त्या ४ टक्क्यांत आणून बसविल्या. वाहिनीची क्षमता मोजण्यासाठी हे ठीकच आहे. परंतु ज्या प्रश्नात चुकीची किंमत कोणी भरावी हाच वाद आहे, त्या प्रश्नातून चूकच पुसून टाकणारे माप घेऊन आपण जाऊ शकत नाही. कारखान्यातील कामाची 'शास्त्रीय' प्रमाणे ठरविताना हे माप कोणी वापरले, तर कामगाराचा हात किती चालतो ते कळेल; त्याला किती चालविणे न्याय्य आहे ते कळणार नाही.

फिट्सवर अन्याय होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे की त्याला स्वतःला हा प्रश्न अपरिचित नव्हता. १९६५ साली त्याचे निधन झाले. त्यानंतर १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका निबंधात वेगाला वा अचूकतेला पैशाचे पारितोषिक ठेवले असता प्रतिक्रिया कशा बदलतात, याचे प्रयोग आहेत. पुढे २००३ साली ट्रॉमर्सहॉयझर, मॅलोनी आणि लँडी यांनी बक्षिसाच्या वर्तुळाला चिकटून दंडाचे वर्तुळ ठेवले आणि झटपट बोट टेकवावयास सांगितले. दंड वाढला तसे लोक आपला नेम दंडाच्या वर्तुळापासून दूर सरकवू लागले, तोही जवळजवळ तितकाच, जितका गणिताने सरकवावयास हवा. हात हिशेबी असतो, असे या प्रयोगावरून म्हणावयास हरकत नाही. मात्र तेथेही दंड आधी सांगितलेला होता, आणि दोन्ही वर्तुळे पडद्यावर आखलेली होती.

माझ्या स्वतःच्या शास्त्रात या प्रश्नाला एक समांतर आहे, आणि ते मला अधिक उद्बोधक वाटते. बोलणे हीही हालचालच. जिभेला, ओठांना, जबड्याला ठराविक स्थाने गाठावयाची असतात. १९६३ साली लिंडब्लोमने स्वीडिश भाषेतील स्वरांच्या अभ्यासात असे दाखविले की स्वराचा कालावधी घटला की जीभ लक्ष्याच्या अलीकडेच थांबते आणि स्वर मधल्या स्थानाकडे झुकतो. वुडवर्थच्या रेघांची येथे आठवण व्हावी. पण पुढील संशोधनाने चित्र बदलले. कून आणि मोल यांनी १९७६ साली असे दाखविले की जलद बोलताना काही जण जिभेचा वेग वाढवून लक्ष्य गाठतात, तर काही जण वेग तोच ठेवून अलीकडेच थांबतात. आणि स्वतः लिंडब्लोम १९९० साली या निष्कर्षाला आला की बोलणारा किती नेमके बोलतो हे ऐकणाऱ्याच्या गरजेवर ठरते. जेथे संदर्भाने समजते तेथे तो सैल होतो, जेथे घोटाळ्याचा संभव असतो तेथे घट्ट. म्हणजे लक्ष्याची रुंदी वक्त्याच्या जिभेवरही नसते आणि कोशातही नसते. ती दोघांमध्ये ठरते. 'करतो आहे' याचे 'करतोय', 'गेला आहे' याचे 'गेलाय' हे घाईचेच फळ. पण ऐकणाऱ्याने ते चालवून घेतले, मग लिहिणाऱ्याने, आणि आज त्याला चूक म्हणणारा शोधावा लागेल. भाषेत ऐकणारा हाच चेकर आहे, आणि तो पुढच्या क्षणी स्वतः बोलणारा होणार असतो. म्हणून तेथील करार सहसा उदार असतो. विडीच्या टेबलावर भूमिकांची अशी अदलाबदल होत नाही.

कौशल्याविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण वेग व अचूकता यांत केवळ देवघेव आहे असे मानल्यास सराव म्हणजे काय ते समजत नाही. सरावाने दोन्ही वाढतात. क्रॉसमनच्या १९५९ सालच्या प्रसिद्ध निबंधातील आलेख सिगार बनविणाऱ्या यंत्रावर काम करणाऱ्या कामगारांचा आहे, हा योगायोग सोलापूरच्या वाचकाला रुचेल. सुमारे ३० लाख सिगारींपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे, एका सिगारीस लागणारा वेळ घटतच होता. तो थांबला तो यंत्राची गती आडवी आल्यावर. दिवसाला १,००० विड्या आणि वर्षाला ३०० दिवस धरले, तर ३० लाखांचा पल्ला गाठावयास दहा वर्षे लागतात, आणि तेथे आडवे येणारे यंत्र नाही. मराठीत विडी 'वळतात', जशी वात वळतात, दोरी वळतात, लाडू वळतात. आणि हाताला व अक्षराला जे लागते तेही 'वळण'च. सोलापुरात विडी वळणाऱ्या अनेक स्त्रिया घरात तेलुगू बोलतात, तेव्हा या शब्दावरून त्यांच्या मनोव्यापाराचे अनुमान काढणे हास्यास्पद होईल. भाषेतील शब्द हा मानसशास्त्राचा पुरावा नव्हे. तरी एवढे खरे की 'हात बसला' म्हणताना मराठी माणूस वेग आणि अचूकता वेगळी काढीत नाही, आणि क्रॉसमनचा आलेखही ती वेगळी काढू देत नाही.

यंत्रमागाविषयी थोडक्यात. मागाचा वेग यंत्र ठरविते; हाताचे काम थांबलेल्या मागाला पुन्हा चालू करण्याचे. तुटलेला ताण्याचा धागा शोधून गाठ मारावयाची, तो फणीच्या नेमक्या फटीतून ओढून घ्यावयाचा, संपलेली कांडी बदलावयाची. मागाची गती वाढविली की धागे अधिक तुटतात आणि हाताला अधिक वेळा धावावे लागते. घाईत धागा शेजारच्या फटीतून गेला तर दोष कापडाच्या लांबीभर धावतो. त्या दोषाचा मूळ निर्णय गती वाढविणाऱ्याचा असतो, पण तो सापडतो विणकराच्या मागावर. याबाबत अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत ए. के. राइस यांनी १९५३ साली केलेला प्रयोग आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा. स्वयंचलित मागांवर निरनिराळी कामे निरनिराळ्या माणसांना तुकड्यातुकड्यांनी वाटून दिलेली होती. राइस यांच्या सूचनेवरून ठराविक मागांचा गट ठराविक कामगारांच्या गटाकडे सोपविण्यात आला. पुढे स्थिरावल्यावर उत्पादनही वाढले आणि खराब कापडाचे प्रमाणही घटले. माग तेच होते आणि हातही तेच होते. फिट्सचा नियम यामुळे खोटा ठरत नाही. एका टोल्याचा नियम एका टोल्यापुरता खराच राहतो. पण पाळीभराच्या कामात ती देवघेव कोणत्या पातळीवर होते, ते टोल्याच्या बाहेर ठरते.

तेव्हा या विषयावर प्रबंध करू इच्छिणाऱ्यास माझी सूचना अशी की त्याने लेखणी आणि पट्ट्या घेऊन बसण्याऐवजी चेकरपासून आरंभ करावा. एकच विड्यांचा ढीग, क्रमांक घालून, दोन चेकरांपुढे स्वतंत्रपणे ठेवावा. तोच ढीग एका आठवड्याने त्याच चेकरांपुढे, क्रमांक बदलून, पुन्हा ठेवावा. दोघांचे निर्णय कितपत जुळतात, आणि प्रत्येकाचा निर्णय स्वतःशी कितपत जुळतो, हे मोजावे. मग त्याच विड्यांची लांबी, जाडी आणि वजन मापून, कोणत्या मापाला छाट सुरू होते त्याची रेघ काढून पाहावी. अशी रेघ निघाली तर ती कामाच्या जागी भिंतीवर लावता येईल, आणि फिट्सच्या समीकरणात घालण्याजोगी रुंदी प्रथमच आपल्या हाती येईल. रेघ न निघता पट्टाच निघाला, तर त्या पट्ट्याची रुंदी मोजावी. वळणारणीच्या १.२ सेकंदांशी ताडून पाहावयाची रुंदी तीच.